शोधाचे निकाल वाटायचा सर्वमान्य नमुना: ओपनसर्चवर अजून भिस्त ठेवावी का?

अर्धविराम

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे, पण तांत्रिक नसलेल्यांनीही मत द्यायला हरकत नाही.

आम्ही काही जण मिळून जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या अंकांची एक साइट चालवतो. मजकुरात शोधता येतं, शोधही बऱ्यापैकी चालतो. आता वाचकांची मागणी आली आहे की दर वेळी साइटवर येऊन खोक्यात टाइप करायला नको, ब्राउझरच्या ॲड्रेस बारमधूनच शोधता यावं. दुसरीकडून एका वाचनालयाने विचारलंय की तुमचे निकाल आम्हाला आमच्या शोधपानावर दाखवायचेत, कुठल्या फॉरमॅटमध्ये देता?

वाचत गेलो तेव्हा ओपनसर्च हे प्रकरण हाती लागलं. एक छोटी एक्सएमएल (टॅगांनी बांधलेल्या मजकुराची) फाइल: साइटचं नाव, चार ओळी वर्णन आणि शोधाच्या पत्त्याचा साचा. शोधशब्द जिथे भरायचा तिथे महिरपी कंसात 'सर्चटर्म्स'. निकाल द्यायचे आरएसएस किंवा ॲटममध्ये (साइटवरच्या मजकुराची यंत्राला वाचता येणारी यादी, म्हणजे फीड, देण्याचे हे दोन फॉरमॅट), वर तीन जादा टॅग: टोटलरिझल्ट्स (एकूण निकाल), स्टार्टइंडेक्स (हे कितव्यापासूनचे), आयटम्सपरपेज (पानावर किती). संपलं. इतकं सुटसुटीत स्पेसिफिकेशन मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "ते कधीच मेलं." खरंच? आणि मेलं असेल तर त्याच्या जागी काय आलं? की प्रत्येकाने आपापलं जेसन (डेटा पाठवायचा हल्लीचा हलका फॉरमॅट) काढायचं आणि समोरच्याने ते निस्तरायचं?

जुनीचिप

मेलं म्हणणाऱ्यांनी अर्धंच पाहिलंय. थोडा इतिहास सांगतो, म्हणजे कुठलं अर्धं ते कळेल.

ओपनसर्चच्या आधी शेरलॉक नावाचं मॅकवरचं शोधसाधन होतं. ॲपलने १९९८ मध्ये मॅक ओएस ८.५ बरोबर आणलेलं. त्याचं प्लगिन म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. तीत शोधाचा पत्ता असायचाच, शिवाय निकाल ओळखायची खूणही लिहिलेली असायची: यादी अमुक एचटीएमएलपासून सुरू होते, एकेक निकाल तमुक टॅगला उघडतो, अमक्याला संपतो. म्हणजे साइटवाल्याने पानाची मांडणी बदलली की प्लगिन आंधळं. मोझिलाने हीच प्लगिनं उचलली आणि ती जमवणाऱ्या प्रकल्पाचं नाव ठेवलं मायक्रॉफ्ट. शेरलॉकचा भाऊ, दुसरं काय ठेवणार.

मग २००४ मध्ये ॲमेझॉनच्या ए-नाइन या उपकंपनीने स्वतःचं सर्च काढलं. एकाच शोधाचे निकाल शेजारीशेजारी रकान्यांत: एकात वेब, एकात पुस्तकं, एकात चित्रं. इतरांच्या साइटचेही रकाने लावायचे होते, पण प्रत्येक साइटसाठी वेगळा कोड कोण लिहीत बसणार? म्हणून मार्च २००५ मध्ये ओपनसर्च जाहीर केलं. आरएसएस तेव्हा जोरात होतं. यांनी सांगितलं, तुमचे निकाल आरएसएस म्हणून द्या, वर एकूण किती आणि हे कितव्यापासूनचे एवढं लिहा, बाकीचं आम्ही बघतो. मूळ हेतू निकाल वाटण्याचाच होता. ब्राउझर या गोष्टीत नंतर आला.

ऑक्टोबर २००६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ७ आणि फायरफॉक्स २ आले. दोघांनीही ओपनसर्चची वर्णन-फाइल वाचायला सुरुवात केली. पण त्यातून घेतलं काय, तर पत्त्याचा साचा तेवढा. निकाल एचटीएमएल पान म्हणूनच उघडायचे. विचारायचं कसं ते ठरलं, उत्तर कसं द्यायचं ते बाजूला पडलं. अर्धविराम, तुमच्या वाचकांची मागणी पहिल्या अर्ध्यातली आहे आणि वाचनालयाची दुसऱ्या. म्हणून तुम्हाला दोन वेगवेगळी उत्तरं मिळणार, तयारीत राहा.

रिकामटेकडा

थोडक्यात, प्रश्नपत्रिकेचा नमुना मंडळाने ठरवला आणि उत्तरपत्रिका ज्याने त्याने हवी तशी लिहावी म्हणून सोडून दिलं :)

तर्कटपंची

जुनीचिप, इतिहास छान, पण "बाजूला पडलं" हे फार सभ्यपणे म्हटलंत. ते मुद्दाम बाजूला ठेवलं गेलं.

निकाल स्वच्छ, मोजूनमापून, यंत्राला वाचता येतील असे दिले की ते कुठेही दाखवता येतात. म्हणजे ते दाखवताना शेजारी जाहिरात कोणाची लागणार हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. मोठ्या सर्च इंजिनांनी हे कधीच पचवलं नाही. गूगलने २००२ मध्ये सोप एपीआय (दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला थेट निकाल मागता येतील अशी सोय) दिलं, दिवसाला १००० शोध फुकट. डिसेंबर २००६ मध्ये नव्या चाव्या देणं बंद, २००९ मध्ये सगळंच बंद. याहूने २००८ मध्ये बॉस नावाची तशीच सोय काढली, २०१६ मध्ये गुंडाळली. बिंगची सर्च एपीआय ११ ऑगस्ट २०२५ ला निवृत्त झाली. प्रत्येक वेळी त्यावर उभी राहिलेली छोटी साधनं रस्त्यावर आली.

प्रमाण नमुना नव्हता म्हणून हे झालं नाही. नमुना २००५ पासून तयार होता. देणाऱ्याला द्यायचंच नव्हतं, मग नमुना कितीही सुटसुटीत असो.

घुबड

+१ तर्कटपंची.

जुनीचिप

@तर्कटपंची, बरंचसं मान्य. तरी एक गोष्ट निसटली. २००६ मध्ये गूगलने जीडेटा नावाचा प्रोटोकॉल आणला, कॅलेंडर, ब्लॉगर वगैरेंसाठी. तो ॲटमवर बेतलेला होता आणि पानं मोजायला त्यांनी ओपनसर्चचेच टॅग घेतले होते. ब्लॉगरची फीड उघडून बघा, टोटलरिझल्ट्स तिथे बसलेला दिसेल. म्हणजे जिथे माहिती वापरणाऱ्याची स्वतःची होती तिथे त्यांना ओपनसर्च चाललं. वेबच्या निकालांना तेवढं नाही. तुमच्याच मुद्द्याला पुष्टी म्हणा.

ढगातला

एक मिनिट, गोंधळलो. ओपनसर्च म्हणजे ते इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरचं फोर्क (कोड घेऊन काढलेली वेगळी आवृत्ती) ना? आम्ही कंपनीत लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, शोधायला वापरतो. ते कुठे मेलंय? मस्त चाललंय की.

रिकामटेकडा

आला! मी वाटच बघत होतो.

जुनीचिप

ढगातला, ते वेगळं. इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये परवाना बदलायचं जाहीर केलं, तेव्हा ॲमेझॉनने ७.१० आवृत्तीवरून फोर्क काढलं आणि त्याला ओपनसर्च नाव दिलं. २०२४ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनकडे गेलं. इथे चाललंय ते २००५चं ओपनसर्च. दोन्ही ॲमेझॉनच्याच घरातली. एकाच घरात दोन मुलांचं एकच नाव ठेवलं, आणि थोरल्याला हाक मारली की आता धाकटाच धावत येतो. कुठल्याही सर्च इंजिनात "ओपनसर्च एक्सएमएल" टाकून बघा, पानंच्या पानं क्लस्टर आणि इंडेक्सची. जुन्याचं स्पेसिफिकेशन आता गिटहबवर पडून आहे. गंमत म्हणजे १.१ आवृत्ती अजूनही "मसुदा" याच नावाने वावरते. मसुदा असतानाच जगभर वापरली गेली, पक्कं करायला कोणी आलंच नाही.

ग्रंथकीटक

उशिरा आले, पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे.

वेबवाले २००५ पासून मोजतात. ग्रंथालयांत हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुटला होता. झेड३९.५० नावाचं प्रमाण, पहिली आवृत्ती १९८८ची, म्हणजे वेबच्याही आधीची. एका ग्रंथालयाच्या संगणकाने दुसऱ्याच्या सूचीत शोधायचं, निकाल मार्क नोंदींच्या (ग्रंथालयांच्या यंत्रवाचनीय सूची-नोंदींच्या) रूपात आणायचे. पोर्ट २१०. काम चोख, पण बांधणी अशी किचकट की ते समजणारे लोक कायम थोडेच. म्हणून पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या देखरेखीखाली एसआरयू आलं. तेच सगळं, पण साध्या वेब पत्त्यातून: क्वेरी, स्टार्टरेकॉर्ड, मॅक्झिममरेकॉर्ड्स. उत्तर एक्सएमएलमध्ये, वर एकूण नोंदी किती ते. २०१३ मध्ये ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला प्रमाण म्हणून मान्यताही दिली.

ओपनसर्च आणि एसआरयू यांतला फरक एका जागी आहे. ओपनसर्च शोधशब्दाला हात लावत नाही. जे टाइप केलं ते साच्यात भरायचं आणि पाठवायचं. "लेखकाच्या नावात हा शब्द आणि साल १९५०च्या आधीचं" असं विचारायची सोय त्यात नाही. एसआरयूला त्यासाठी सीक्यूएल नावाची शोधभाषाच आहे. ताकद जास्त, म्हणून शिकायचंही जास्त, म्हणून ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर फारसं गेलं नाही.

@अर्धविराम, त्या वाचनालयाला आधी एवढं विचारा की त्यांचं सॉफ्टवेअर काय गिळतं. एसआरयू म्हणाले तर घाबरू नका, ॲटम म्हणाले तर देवाचे आभार माना.

नवखा

आरएसएस म्हणजे ते केशरी चौकोनातलं वायफायसारखं चिन्ह ना? ते अजून आहे??

घुबड

आहे. पॉडकास्ट ऐकतोस ना? त्यावरच येतात.

उपग्रहवाली

तर्कटपंचींच्या मताला एक अपवाद जोडते. उपग्रहांच्या प्रतिमा शोधायच्या क्षेत्रात ओपनसर्च नुसतं जगलं नाही, वाढलं. ओजीसी या, भौगोलिक डेटाची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये त्याचं स्थळ-काळाचं विस्तारित रूप प्रमाण म्हणून काढलं. साच्यात सर्चटर्म्सच्या जोडीला चौकट घालायची: पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर, या क्रमाने चार आकडे. शिवाय कधीपासून आणि कधीपर्यंत. "या चौकोनातल्या, या दोन तारखांमधल्या प्रतिमा" हा प्रश्न नुसत्या एका पत्त्यात मावतो. नासाच्या सूचीतही ओपनसर्चने शोधायची सोय केलेली होती.

कारण तुम्ही वर म्हणालात तेच, फक्त उलटं. इथे देणाऱ्यालाच हवं असतं की आपला डेटा लोकांना सापडावा. जाहिरात दाखवायची नसते.

तर्कटपंची

@उपग्रहवाली, पण तुमच्याकडेही हल्ली सगळे स्टॅककडे (उपग्रह-प्रतिमांच्या सूचीचा नवा नमुना) वळलेत ना? २०२१ मध्ये त्याची १.० आली, जिओजेसनवर (जेसनचं नकाशांसाठीचं रूप) बेतलेली. म्हणजे तिथेही एक्सएमएलचं दुकान मिटायला आलंय.

उपग्रहवाली

वळलेत, आणि मीही वळले. स्टॅक वापरायला सुखाचं आहे. पण त्यात शोध करताना चौकटीचे चार आकडे त्याच क्रमाने द्यायचे असतात आणि निकालाच्या शेवटी पुढच्या पानाची लिंक येते. अंगावरचं एक्सएमएल उतरवून जेसन चढवलंय, हाडं ओळखीचीच आहेत. दुकान मिटलं म्हणत असाल तर माल शेजारच्या दुकानात गेलाय.

टंकलेखक

आपल्यासारख्यांना भेडसावणारा एक प्रश्न कोणीच काढला नाही: शोधशब्द देवनागरीत असला की काय होतं?

साच्यात भरताना शब्द यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जातो आणि प्रत्येक बाइटची टक्का-चिन्हासह तीन अक्षरं होतात. देवनागरीचा एक कोड पॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) म्हणजे तीन बाइट, म्हणजे पत्त्यात नऊ अक्षरं. "नियतकालिक" या शब्दात काना-वेलांट्या धरून नऊ कोड पॉइंट आहेत, पत्त्यात ८१ अक्षरं. चालतं ते, फक्त पत्ता बघून माणूस दचकतो. वर्णन-फाइलीत एन्कोडिंग लिहायला टॅग आहे, न लिहिल्यास यूटीएफ-८ धरलं जातं. त्यामुळे आज तिथे फारशी अडचण येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. यातलं अर्ध्या र चं चंद्रकोरीसारखं रूप दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड ऱ + हलन्त + य देतात. काही र + हलन्त + न दिसणारा जोडक + य देतात. पडद्यावर डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण ऱ आणि नुक्तावाला (खाली वेगळं टिंब जोडलेला) र एक करतं, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. म्हणजे अंकात एका तऱ्हेने लिहिलेलं आणि वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने शोधलेलं असलं की निकाल शून्य. ओपनसर्च असो, एसआरयू असो, स्टॅक असो, यात कोणीच मदत करत नाही. ते बाइट पोचवतात, बस.

अर्धविराम, तुमच्या साइटवर हे तपासलंय का?

अर्धविराम

@टंकलेखक, हो, इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे जोडकवाली रूपं ऱ वर आणतो. मात्र ओसीआरच्या (स्कॅनवरून यंत्राने ओळखलेल्या मजकुराच्या) जुन्या फाइलींत काय काय लपलंय ते देव जाणे.

धागा कुठल्या कुठे गेला, पण वाचायला मजा येतेय. चालू द्या.

ढगातला

(फोर्कवालाच मी.) मला एक कळत नाही. आता शोध माणूस करतोच कुठे? एआयचा एजंट शोधतो, वाचतो आणि सारांश देतो. त्याला साफसुथरा निकाल हवा असतो, एचटीएमएलचा गुंता नको असतो. मग २००५ला जे कोणाला नको होतं, त्याची आज खरी गरज नाही का?

तर्कटपंची

गरज आहे, पण आता मोल पडतं. एजंटांना निकाल विकणाऱ्यांची रीघ लागलीये, प्रत्येकाचं जेसन वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रोपिकने एमसीपी (एआयला बाहेरची साधनं जोडायचा नमुना) आणलं, त्यातून साधनाला हाक कशी मारायची हे ठरलं. पण "शोध" नावाच्या साधनाने निकाल कुठल्या आकारात द्यायचा हे ज्याचं त्याच्याकडेच. पुन्हा तेच: विचारायची रीत पक्की, उत्तराची मोकळी.

ग्रंथकीटक

यावरून आठवलं. ओपनसर्चच्या वर्णन-फाइलीत एक टॅग आहे, सिंडिकेशनराइट. फार कमी लोकांनी तो वाचलाय. त्याच्या चार पायऱ्या आहेत. ओपन: निकाल मागा, दाखवा, पुढे दुसऱ्यालाही द्या. लिमिटेड: मागा आणि दाखवा, पण पुढे देऊ नका. प्रायव्हेट: मागता येतील, पण लोकांना दाखवायचे नाहीत. क्लोज्ड: मागूच नका. काही न लिहिल्यास ओपन धरायचं.

आज एआय कंपन्या आणि प्रकाशक यांच्यात ज्यावरून जुंपलीये, तो प्रश्न चार शब्दांत २००५-०६ मध्येच लिहून ठेवलेला होता. साइटवर येणाऱ्या यंत्रांसाठी ठेवलेली रोबोट्स फाइल "आत येऊ नकोस" एवढंच सांगते. आत आल्यावर मिळालेल्याचं काय करायचं याबद्दल ती मुकी. हा टॅग त्याबद्दलच बोलतो.

तर्कटपंची

आणि त्याला विचारतं कोण? पाटी लावली म्हणून चोर परत जात नाही.

ग्रंथकीटक

जात नाही, मान्य. पण पाटीच नसेल तर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायला मोकळीक मिळते. आमच्याकडे सूचीच्या नोंदी देताना शर्ती लिहून देण्याची पद्धत आहे. पाळणारे पाळतात, आणि न पाळणाऱ्याशी भांडायला कागद हातात असतो.

घुबड

सजेशन्सचा (शोध टाइप करताना सुचणाऱ्या शब्दांचा) विषय राहिला. वर्णन-फाइलीत दुसरा साचा देता येतो, टाइप करतानाच सूचना दाखवण्यासाठी. उत्तर म्हणजे एक जेसन यादी: आधी टाइप केलेला शब्द, मग सुचवलेल्या शब्दांची यादी, मग वर्णनांची, मग पत्त्यांची. विकिपीडियाच्या एपीआयला ओपनसर्च ॲक्शन मागितली की हेच मिळतं. ओपनसर्चचा निकालांशी संबंध असलेला आणि आजही सर्रास वापरात असलेला भाग तो हाच असावा.

पण @अर्धविराम, तो द्यायचा की नाही याचा नीट विचार करा. दर अक्षराला तुमच्या सर्व्हरवर विनंती येते. वाचकाने अर्धवट टाइप करून खोडलेलंही तुमच्या लॉगमध्ये पडतं. लहान सर्व्हर असेल तर भार आहेच, शिवाय लोकांचे न विचारलेले प्रश्न साठवून ठेवायची तुम्हाला गरज काय? द्यायचाच असेल तर त्या विनंत्या लॉगमध्ये घेऊ नका.

नवखा

हा मुद्दा आवडला. खोडलेलं पण जातं हे माहीत नव्हतं, आता टाइप करताना हात कापणार.

अर्धविराम

बरं, आता गाडी मूळ स्टेशनावर आणतो. वाचनालयाकडून उत्तर आलं. त्यांचं सॉफ्टवेअर एसआरयू आणि ॲटम दोन्ही घेतं म्हणाले. ॲटम चालेल, फक्त एकूण निकाल किती आणि पुढचं पान कुठे हे त्यात हवं. म्हणजे ग्रंथकीटकांच्या म्हणण्याप्रमाणे देवाचे आभार मानले. ब्राउझरचं नक्की कसं करू?

जुनीचिप

एक वर्णन-फाइल लिहा आणि पानाच्या हेडमध्ये लिंक टॅग टाका, रेल सर्च, टाइप ॲप्लिकेशन/ओपनसर्चडिस्क्रिप्शन+एक्सएमएल. लोक अडखळतात त्या जागा सांगतो.

साच्यात दोन पॅरामीटरच्या मध्ये नुसतं अँपरसँड चिन्ह ठेवलं की एक्सएमएल फुटतं. ते अँपरसँड, एएमपी, अर्धविराम (तुम्ही नव्हे) असंच लिहावं लागतं. फाइल फुटली तर ब्राउझर तक्रार करत नाही, नुसता गप्प बसतो, आणि माणूस तासभर सर्व्हर तपासत राहतो. शॉर्टनेम, म्हणजे फाइलीतलं साइटचं नाव, १६ अक्षरांत बसवा आणि लिंक टॅगच्या टायटलमध्ये तेच नाव द्या.

पानांची मोजणी हा दुसरा सापळा. तुमचा शोध पहिल्या निकालाला ० म्हणत असेल, तर साच्याच्या टॅगवर इंडेक्सऑफसेट ० असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास १ धरतात. मग समोरचा पहिला निकाल मागायला १ पाठवतो, तुमचा सर्व्हर दुसऱ्यापासून सुरुवात करतो, आणि सगळ्यांत चांगला निकाल कोणालाच दिसत नाही. असले दोष वर्षानुवर्षं तसेच राहतात, कारण यादी तर येते, आणि ती बरोबर दिसते.

ब्राउझरांचं म्हणाल तर फायरफॉक्समध्ये तुमच्या साइटवर असताना ॲड्रेस बारवर राइट-क्लिक केलं की इंजिन जोडायचा पर्याय दिसतो. क्रोम साइटच्या मुख्य पानावरून फाइल उचलतो, पण हल्ली ती सेटिंग्जमध्ये निष्क्रिय म्हणून ठेवतो, वाचकाने स्वतः चालू करायची. पूर्वी नुसतं टॅब दाबलं की चालायचं. तेव्हा मदतीच्या पानावर दोन चित्रं टाकून दाखवा, नाहीतर कोणाला कळणार नाही. सफारीही साइटवरच्या शोधासाठी ही फाइल बघतो. साइटच्या पानावर बटण देऊन इंजिन जोडून घेण्याची जुनी जावास्क्रिप्ट युक्ती मात्र विसरा, ती आता काहीच करत नाही.

घुबड

आणि कोणी सांगितलं की गूगलच्या निकालात साइटचा सर्च बॉक्स यावा म्हणून स्कीमाचा सर्चॲक्शन (पानाच्या कोडमधली शोधाची खूण) टाका, तर वेळ घालवू नका. २०१४ला आणलेली ती सोय गूगलने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली.

जुनीचिप

म्हणजे २००६ची फाइल अजून चालते आणि २०१४ची गेली. घ्या.

ग्रंथकीटक

अर्धविराम, अजून एक. तुमचे अंक पीडीएफ किंवा ईपबमध्ये उतरवून घेता येत असतील, तर ओपीडीएस बघाच. ई-पुस्तकांच्या सूचीचा नमुना, ॲटमवरच बेतलेला, आणि त्यातला शोध म्हणजे थेट ओपनसर्च. केओरीडरसारखी वाचनाची ॲप्स तुमची सूची उघडतात, शोध करतात आणि निकाल आपल्याच पडद्यावर दाखवतात. कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हरही स्वतःचा संग्रह याच रूपात देतो. म्हणजे वर ज्या "उत्तराच्या अर्ध्या"बद्दल सगळे हळहळतायत, ते तिथे रोज वापरात आहे. ओपीडीएसची २.० आवृत्ती जेसनवर गेलीये, पण १.२ समजणारी ॲप्स भरपूर आहेत. आणि वाचनालयासाठी ॲटम करतच आहात, त्यात थोडीच भर पडेल.

तर्कटपंची

हे मला माहीत नव्हतं. चांगलं आहे. माझं म्हणणं मोठ्या सर्च इंजिनांपुरतं कायम.

अर्धविराम

ओपीडीएसचं बघतो, अंक पीडीएफमध्ये आहेतच.

फाइल चढवली. फायरफॉक्सने लगेच ओळखली, क्रोममध्ये जुनीचिप म्हणाले तशी निष्क्रिय यादीत सापडली. सूचना तूर्त देत नाही, घुबडचा मुद्दा सगळ्यांनाच पटला. सिंडिकेशनराइट 'लिमिटेड' की 'ओपन' यावर मात्र आमच्यात वाद चालू आहे.

वाचनालयाकडे निकाल दिसतायत, पण एकूण संख्येच्या जागी रिकामं. माझ्या फीडमध्ये टोटलरिझल्ट्स आहे, १.१च्या नेमस्पेससह (टॅग कुठल्या नमुन्याचा ते सांगणारा पत्ता), फीड तपासणारा व्हॅलिडेटरही खूश आहे. काय असेल?

जुनीचिप

त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असणार. १.० आवृत्तीचं नेमस्पेस वेगळं होतं, पत्त्यात ओपनसर्चआरएसएस आणि १.० असलेलं. बऱ्याच जुन्या फीड अजून तेच वापरतात आणि काही सॉफ्टवेअर तेवढंच ओळखतं. तीनही टॅग दोन्ही नेमस्पेसमध्ये लिहा. दोन वेगळे प्रीफिक्स घ्या, फीड वैधच राहतं, आणि ज्याला जे कळतं ते तो वाचतो.

अर्धविराम

लिहिले. आकडा आला.

नवखा

आणि सिंडिकेशनराइट?

अर्धविराम

भांडण चालू आहे.